व्हॉल्व्हचा जुना सीबी संच: ट्रान्समिट नीट, रिसीव्ह मात्र लंगडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६०च्या दशकातला, २३ चॅनेलचा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा अमेरिकन व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) सीबी संच, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीच्या ‘सिटिझन्स बँड’चा दुतर्फा रेडिओ. ट्रान्समिटबद्दल तक्रार नाही. वॉटमीटर साडेतीन वॉट दाखवतो आणि समोरच्याला आवाज स्वच्छ जातो. ऐकताना मात्र जवळची स्टेशनं तेवढी येतात, लांबची सळसळीत बुडालेली. पंधरा-वीस मिनिटं संच तापला की जोरदार स्टेशनांचा आवाज फाटतो, आणि आकाश निरभ्र असतानाही मधूनच वीज कडाडल्यासारखी खरखर होते. सगळे व्हॉल्व्ह बदलून झाले, फरक नाही. आता आयएफ (रिसीव्हरच्या आतली मधली वारंवारता) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू फिरवून बघावेत का?

नका फिरवू. निदान आत्ता तरी नाही. कारखान्यात जुळवलेली कॉइल साठ वर्षांत थोडी सरकते, पण तिच्यामुळे तापल्यावर आवाज फाटत नाही आणि खरखर तर मुळीच होत नाही. स्क्रू फिरवलेत तर मूळ दोष तसाच राहील आणि वर न जुळलेला आयएफ हा नवा दोष येईल. मग कुठल्या लक्षणाला कोण जबाबदार, हे ओळखणंच अवघड होऊन बसेल.

व्हॉल्व्ह बदलून फरक पडला नाही, ही खरं तर चांगली माहिती आहे. तक्रारी तीन असल्या तरी वर्णनावरून दोष दोनच असावेत असा माझा कयास आहे. रिसीव्ह क्षीण असण्याला रिलेचा (एरियल ट्रान्समिट-रिसीव्हमध्ये पलटवणाऱ्या विद्युत स्विचचा) संपर्क जबाबदार असावा. फाटणं आणि खरखर या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या गळतीतून येत आहेत. हा कयास कसा तपासायचा आणि चुकला तर पुढे कुठे जायचं, ते आता क्रमाने.

ट्रान्समिट ठीक आहे, यावरून काय काय कळतं

या काळातल्या बहुतेक संचांत आवाजाचा शेवटचा व्हॉल्व्ह, ६एक्यू५ किंवा ६बीक्यू५, दुहेरी नोकरी करतो. रिसीव्हमध्ये तो स्पीकर चालवतो आणि ट्रान्समिटमध्ये तोच मॉड्युलेटर, म्हणजे तुमचा आवाज रेडिओलहरीवर चढवणारा, होतो. त्याच्या आधीचा १२एएक्स७ही बऱ्याचदा दोन्हीकडे वापरलेला असतो. त्यामुळे समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ ऐकू जात असेल तर आउटपुट व्हॉल्व्ह, त्याचा ट्रान्सफॉर्मर, मुख्य एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी दाब) आणि फिल्टर कंडेन्सर यांना बरंचसं प्रमाणपत्र फुकटात मिळालं.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या: संच वीस मिनिटं तापल्यानंतरही ट्रान्समिट तितकंच स्वच्छ आहे का? त्या वेळी तेही फाटत असेल, तर दोष दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरच्या (सिग्नल आत घेणाऱ्या टोकावरच्या) कपलिंग कंडेन्सरमध्ये असतो. ती तपासणी सोपी आहे. संच तापलेला असताना ६एक्यू५च्या ग्रिडवर, म्हणजे पिन १ किंवा ७ वर, चासीच्या (संचाच्या धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भात डीसी व्होल्टेज मोजा. कॅथोड रेझिस्टर असलेल्या सर्किटमध्ये तिथे शून्य किंवा किंचित उणे यायला हवं. अधिक १ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून पुन्हा मोजा. अधिक व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर गळतोय. नाहीसं झालं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे किंवा त्याचा ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागला आहे. मात्र गाडीतल्या १२ व्होल्टच्या संचात असा व्हॉल्व्ह काढू नका. तिथे ६ व्होल्टच्या हीटरचे गट एकामागे एक जोडलेले असतात, आणि एक काढला की त्याच्या गटातल्या सोबत्यांवर जादा व्होल्टेज येतं. तिथे कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवून मोजावं.

ट्रान्समिट सगळ्या चॅनेलवर चालतं, यातही एक खूण दडलेली आहे. २३ चॅनेलच्या अनेक संचांत २३ जोड्या क्रिस्टल नसतात. सहा क्रिस्टलचा एक सामाईक गट, आणि ट्रान्समिटसाठी चार व रिसीव्हसाठी चार, असे एकूण चौदा क्रिस्टल मिसळून सगळे चॅनेल तयार होतात. सहातला एक मेला तर लागोपाठचे चार चॅनेल, उदाहरणार्थ ५ ते ८, दोन्ही बाजूंनी जातात. रिसीव्हच्या चारांपैकी एक मेला तर दर चौथा चॅनेल, म्हणजे १, ५, ९, १३, १७, २१, फक्त ऐकण्यातून जातो. तेव्हा पुढे जाण्याआधी सगळे २३ चॅनेल फिरवून पाहा. सगळीकडे सारखंच क्षीण असेल तर क्रिस्टलवर संशय घेण्याचं कारण नाही.

हात घालण्याआधी

एचटी २५० ते ३०० व्होल्टची असते. संच बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका. चालू संचात मोजताना एक हात खिशात. हे संच ११७ व्होल्टसाठी बांधले होते आणि अमेरिकेत आज प्लगमध्ये १२० च्या आसपास मिळतं, म्हणून हीटरचं व्होल्टेज एकदा पाहून ठेवा. ६.३ च्या जागी ६.६ चालेल, ६.९ च्या पुढे गेलं तर मात्र पुरवठा कमी करायला हवा. मेन्सपासून चासीला जोडलेला जुना पेपर कंडेन्सर असेल तर तो काढून वाय दर्जाचा सुरक्षा कंडेन्सर बसवा. यावर चर्चा नको.

जी चूक सर्वांत महाग पडते तीही इथेच सांगतो. सिग्नल जनरेटर एरियलच्या सॉकेटला लावलेला असताना माइकचं बटण दाबलं गेलं, तर चार वॉट सरळ जनरेटरच्या अॅटेन्युएटरमध्ये (सिग्नल कमी करणाऱ्या भागात) जातात आणि तो जळतो. यावर साधा उपाय माइक काढून ठेवण्याचा वाटतो, पण पुष्कळ संचांत स्पीकरची वाट माइकच्या स्विचमधूनच जाते, त्यामुळे माइक काढला की संच पूर्ण मुका होतो. ‘रिसीव्ह गेलं’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या संचांत नुसता माइकच्या वायरीचा तुटलेला धागा निघणं ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा माइक राहू द्या आणि ट्रान्समीटरचा शेवटचा व्हॉल्व्ह काढून ठेवा. हीटर समांतर असलेल्या तुमच्या संचात हे बिनधोक आहे. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर वेगळ्या पेट्यांत असलेल्या संचात दोघांना जोडणारी केबलही आधी तपासा, कारण रिसीव्हर गप्प करणारी वायर त्याच केबलमधून जाते.

मीटर डिजिटल, १० मेगओहम इनपुटचा हवा. काट्याचा २० हजार ओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर जेमतेम २०० किलोओहमचा असतो. एव्हीसीच्या (जोरदार सिग्नल आला की गेन आपोआप कमी करणाऱ्या व्यवस्थेच्या) लाइनवर तो लावला की लाइनच कोसळते आणि तुम्ही दोष नसलेल्या जागी दोष शोधत बसता.

पहिला संशयित: रिलेचा रिसीव्ह संपर्क

एकच रिले एरियलला कधी ट्रान्समीटरकडे तर कधी रिसीव्हरकडे वळवतो. मग एक संपर्क चांगला आणि दुसरा वाईट का? ट्रान्समिटच्या संपर्कातून वॉटच्या हिशेबात शक्ती जाते, ती चांदीवरचा काळा पापुद्रा भेदते. रिसीव्हच्या संपर्कातून मायक्रोव्होल्टमधला सिग्नल जातो. त्याच्यात पापुद्रा भेदण्याची ताकद नसते, म्हणून तोच पापुद्रा त्याला भिंतीसारखा आडवा येतो. जोरदार स्टेशन फटीतल्या चार-दोन पिकोफॅरडमधून कसंबसं पलीकडे पोचतं आणि लांबचं अडकतं. तुमच्या तक्रारीचं चित्र नेमकं असंच आहे.

तपासणी दोन मिनिटांची. एक मध्यम ताकदीचं स्टेशन लावा आणि रिलेच्या पट्टीवर लाकडी काडीने हलकं टिचका. सिग्नल उडी मारत असेल तर गुन्हेगार सापडला. नसेल तर एरियलचं मधलं टोक १० ते २२ पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून थेट रिलेच्या रिसीव्हरकडच्या बाजूला लावा. अशा कामचलाऊ जोडणीनेही सिग्नल वाढत असेल तर संपर्कात दोष आहे, यात शंका नाही.

साफ करताना पॉलिश पेपर किंवा कानस वापरू नका. चांदीचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा वाईट पापुद्रा धरतो. जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ती संपर्कांमध्ये घाला, बोटाने रिलेची पट्टी मिटलेली धरा आणि कागद ओढून काढा. कागदावर काळी रेघ येणं थांबेपर्यंत करा, मग एकदा कोरड्या पट्टीने. त्याच रिलेवर एचटी आणि स्पीकरचे संपर्कही असतात, तेही उरकून घ्या. चॅनेल स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच थेंब द्या. फवारा मारून बेकलाइटच्या चकत्या भिजवल्या तर क्लीनर त्यात मुरतो आणि गळतीची नवी वाट तयार होते.

दुसरा आणि मोठा संशयित: आयएफ ट्रान्सफॉर्मरमधला अभ्रक

या काळातल्या छोट्या चौकोनी अॅल्युमिनियमच्या डब्यांतल्या आयएफ ट्रान्सफॉर्मरमध्ये कॉइलबरोबरचे दोन कंडेन्सर वेगळे नसतात. तळाशी अभ्रकाची एकच पातळ चकती असते आणि तिच्यावर चांदीचे ठिपके छापून प्रायमरी व सेकंडरी या दोघांचे कंडेन्सर बनवलेले असतात. प्रायमरीवर एचटी आहे, म्हणजे २०० व्होल्ट. सेकंडरी एव्हीसीच्या लाइनवर आहे, म्हणजे जवळजवळ शून्य. एवढा डीसी दाब एकाच अभ्रकावर वर्षानुवर्षं राहिला आणि जोडीला ओल मिळाली, की चांदी अभ्रकावरून सरकू लागते आणि झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे पसरतात. धागा पलीकडे पोचला की छोटी ठिणगी पडते, धागा जळतो, आणि थोड्या वेळाने दुसरा तयार होतो. कानाला ती अगदी आकाशातल्या विजेसारखी खरखर वाटते. अमेरिकन दुरुस्तीवाले याला सिल्व्हर मायका डिसीज म्हणतात, आणि रोग हा शब्द इथे शोभतो, कारण एका डब्यात दिसला की बाकीचेही थोड्याफार अंतराने त्याच वाटेने जातात.

आता खरखरीचा आवाज फाटण्याशी संबंध काय? थोडा हिशेब करू. एव्हीसीची लाइन डिटेक्टरकडून (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या पायरीकडून) सुमारे २.२ मेगओहमच्या रेझिस्टरमधून येते. प्रायमरीतून सेकंडरीत २० मेगओहमची गळती झाली तर २०० व्होल्टचे दोन भाग पडतात, आणि लाइनवर २०० × २.२ ÷ २२.२, म्हणजे अधिक २० व्होल्टच्या आसपास यायला निघतात. प्रत्यक्षात तेवढे दिसत नाहीत, कारण व्हॉल्व्हचा ग्रिड अधिक झाला की तो स्वतःच करंट ओढून लाइन शून्याच्या किंचित वर धरून ठेवतो. पण तेवढ्याने एव्हीसी मेला. जोरदार सिग्नल आला तरी आयएफचे व्हॉल्व्ह पूर्ण गेनवर चालत राहतात आणि शेवटची पायरी सिग्नलचा माथा कापते. हेच ते फाटणं. तापल्यावर गळती वाढते, म्हणून पंधरा मिनिटांचा उशीर. आणि २० मेगओहमची गळती साध्या ओहममीटरच्या दीड-दोन व्होल्टवर दिसेलच असं नाही, म्हणूनच हा दोष ‘सगळं मोजलं, सगळं बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांना चकवतो.

त्यामुळे पहिलं माप एव्हीसी लाइनचं. एरियल काढलेलं असताना तिथे उणे अर्धा ते एक व्होल्ट यावं, आणि जोरदार स्टेशनवर उणे पाच किंवा त्याच्याही खाली जावं. संच थंड असताना आणि वीस मिनिटांनी, अशी दोन्ही वेळा नोंद करा. तापल्यावर आकडा शून्याकडे सरकत अधिक होत असेल तर कुठून तरी अधिक व्होल्टेज गळतंय. सरकणं न होता जोरदार स्टेशनवरचा उणे आकडा फक्त निम्मा मिळत असेल तर तो एव्हीसीचाच ०.०५ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचा पेपर कंडेन्सर जमिनीकडे गळतोय. त्याची गळती २.२ मेगओहमची झाली की बरोबर अर्धं उरतं. हा कंडेन्सर तसाही बदलायचाच आहे. २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर पुरतो.

लाइन अधिक होत असेल तर एकेक डबा वेगळा काढून पाहा. संच बंद करा, सेकंडरीचं एव्हीसीकडचं टोक सोडवा, आणि ती सेकंडरी ज्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाते तो व्हॉल्व्ह काढा. आता सेकंडरी हवेत लोंबकळते आहे. संच सुरू करून तिथे चासीच्या संदर्भात डीसी मोजा. निरोगी डब्यात शून्य राहील. अर्धा व्होल्ट, दोन व्होल्ट, मध्येच उडी मारून पाच, असं काही दिसलं की तो डबा आजारी. सगळे डबे शून्य दाखवत असतील आणि लाइन तरीही अधिक होत असेल, तर आरएफच्या (एरियलनंतरच्या पहिल्या पायरीच्या) किंवा आयएफच्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. नवा म्हणून बसवलेला व्हॉल्व्हही याला अपवाद नाही. चाळीस वर्षं खोक्यात पडून राहिलेल्या ‘नव्या’ व्हॉल्व्हवर आंधळा विश्वास नको.

आजारी डबा मिळाला की तोच क्रमांक असलेला दुसरा जुना डबा विकत घेण्यात अर्थ कमी, कारण तोही तेवढाच म्हातारा. डबा उघडून बरा करावा. टोकांचे रंग आणि जागा कागदावर काढून ठेवा, चासीवरून डबा सोडवा, अॅल्युमिनियमच्या कडा हळूच सरळ करा. कॉइलच्या तारा केसासारख्या बारीक असतात; हा भाग घाई असलेल्या दिवशी करू नका. तळाचा तुकडा निघाला की अभ्रकाची चकती काढून टाका किंवा तिची कॉइलशी असलेली जोडणी तोडा. मग प्रत्येक कॉइलला समांतर एकेक सिल्व्हर मायका किंवा सी०जी प्रकारचा (तापमानाने जवळजवळ न बदलणारा) सिरॅमिक कंडेन्सर जोडा, डब्यात मावला तर आत, नाही तर चासीखाली टोकांवर.

किमतीचा हिशेब असा: आयएफ ४५५ किलोहर्ट्झ असेल आणि कॉइल १ मिलिहेन्रीची असेल तर १२२ पिकोफॅरड लागतात. कॉइल मोजण्याचं साधन नसेल तर १०० पिकोफॅरडने सुरुवात करा. कोअर (कॉइलमध्ये आत-बाहेर फिरणारा चुंबकीय स्क्रू) पूर्ण आत जाऊनही सिग्नलचं शिखर येत नसेल तर वाढवा, पूर्ण बाहेर येऊनही येत नसेल तर कमी करा. शिखर कोअरच्या मधल्या भागात आलं पाहिजे. काही संचांत आयएफ ४५५ नसून १६५० किलोहर्ट्झ असतो, तेव्हा सर्किट पाहूनच आकडा धरा. आणि हो, एक डबा केला की बाकीचेही करून टाका. चासी एकदाच उलटी करावी लागते.

हे दोन्ही निर्दोष निघाले तर

खरखरीची जागा शोधायला ६०० व्होल्टचा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घ्या, एक टोक चासीला लावा आणि दुसऱ्याने मागून पुढे एकेक ग्रिड शॉर्ट करत या: आधी शेवटचा आयएफ, मग पहिला, मग मिक्सर (आलेल्या सिग्नलचं आयएफमध्ये रूपांतर करणारा व्हॉल्व्ह). ज्या ग्रिडला खरखर थांबते तिच्या आधी उगम आहे. थांबत नसेल तर नंतर. त्याआधी एरियल काढून पाहायला विसरू नका. एरियल काढल्यावर खरखर थांबत असेल तर ती संचाबाहेरून येते आणि वरचं सगळं काम वाया.

क्षीण रिसीव्हचं कारण रिले नसेल तर आरएफचा ६बीए६ तपासा. आकडे संचागणिक बदलतात, पण कॅथोडचं माप फार बोलकं असतं. कॅथोडला ६८ ओहम असेल आणि व्हॉल्व्ह नीट चालत असेल तर प्लेटचे ११ आणि स्क्रीनचे ४ मिळून १५ मिलिअॅम्पिअर वाहतात, म्हणजे पिन ७ वर सुमारे १ व्होल्ट. एचटी कमी असलेल्या संचात थोडं कमी मिळेल. ०.२ व्होल्टच मिळाले तर व्हॉल्व्ह उपाशी आहे: पिन ६ वर स्क्रीनचं व्होल्टेज पाहा. तिथे ८० ते १०० हवं. स्क्रीनचा ३३ किलोओहमचा कार्बन रेझिस्टर वर्षांनुवर्षं वर चढत दुप्पट होतो, आणि गेन गुपचूप निघून जातो. असे रेझिस्टर जवळजवळ नेहमी वरच्या दिशेनेच सरकतात. छापील किमतीपेक्षा वीस टक्क्यांच्या वर गेलेला दिसला की बदला. तो का चढला याचा विचार करत बसू नका. फक्त तो काळवंडलेला असेल तर स्क्रीनचा बायपास कंडेन्सर आधी तपासा, कारण तो गळत असेल तर नवा रेझिस्टरही भाजेल.

आरएफची पायरी जिवंत आहे का, याची झटपट परीक्षा: तिचा व्हॉल्व्ह काढला की सळसळ स्पष्ट कमी व्हायला हवी. काहीच फरक पडला नाही तर ती पायरी आधीपासूनच झोपलेली होती. एरियलच्या कॉइलचा दुवा ओहममीटरवर १ ओहमच्या आत यावा. जवळ वीज पडल्यावर किंवा शेजारच्या मोठ्या ट्रान्समीटरमुळे तो उघडा झालेला सापडतो.

सळसळ भरपूर, पण एकही स्टेशन नाही, असं झालं तर ऑसिलेटर (मिक्सरला लागणारी वारंवारता बनवणारा भाग) थांबला आहे. मीटरच्या टोकाला १ मेगओहमचा रेझिस्टर लावून ऑसिलेटरच्या ग्रिडवर उणे व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट उणे असेल तर तो चालू आहे, शून्य असेल तर बंद. तापल्यावर हा आकडा हळूहळू घसरत जाणं म्हणजे थकलेला व्हॉल्व्ह, चढलेला प्लेट रेझिस्टर किंवा आळशी झालेला क्रिस्टल. चॅनेलगणिक वेगळा क्रिस्टल असलेल्या साध्या संचात वारंवारताही मोजता येते. ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफसाठी चॅनेल १ चा रिसीव्ह क्रिस्टल सहसा २६.५१० मेगाहर्ट्झ असतो, कारण चॅनेल २६.९६५ वर आहे. क्रिस्टल दोन-तीन किलोहर्ट्झ सरकला असेल तर तो चॅनेल क्षीण आणि एका बाजूला झुकलेला ऐकू येतो.

एव्हीसी ठणठणीत असूनही आवाज फाटत असेल तर नॉइज लिमिटर (खरखरीचे अचानक झटके कापणारा भाग) पाहा. त्याचे ४७० किलोओहम ते १ मेगओहमचे रेझिस्टर चढले की डायोड फार लवकर बंद होतात आणि मोठ्याने बोललेली अक्षरं कापली जातात. लिमिटरवर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तात्पुरता आडवा लावा; आवाज सुधारला तर दोष त्याचाच. स्क्वेल्चही (सिग्नल नसताना सळसळ बंद ठेवणारा भाग) असाच खोड्या करतो: पूर्ण उघडलेला असूनही आवाज दाबलेला वाटत असेल तर स्क्वेल्चच्या व्हॉल्व्हभोवतीचे मेगओहमचे रेझिस्टर मोजा.

जाता जाता: हीथकिट सीबी-१ सारख्या सुपररीजनरेटिव्ह (दोलन करणाऱ्या डिटेक्टरवर चालणाऱ्या) संचाला यातलं बरंचसं लागू नाही. त्यात आयएफ नाही, एव्हीसी नाही. तिथे सिग्नल नसताना मोठी सळसळ हेच आरोग्याचं लक्षण आहे, आणि ती नसेल तर डिटेक्टर दोलन करत नाही एवढंच समजायचं.

आणि आता स्क्रू

वरची दुरुस्ती झाली, निदान एक आयएफ डबा उघडला, म्हणजे जुळवणी आता खरोखर करायची आहे. संच अर्धा तास तापू द्या. धातूचा स्क्रूड्रायव्हर नको, कोअरच्या भोकात नेमकी बसणारी प्लास्टिकची किल्ली घ्या. सैल किल्लीने कोअर तडकतो आणि मग डबा टाकूनच द्यावा लागतो. कोअर घट्ट असेल तर जोर करू नका, केस वाळवायच्या यंत्राने डबा कोमट करा, आतलं मेण सैल होतं.

मीटर एव्हीसी लाइनवर लावा. जनरेटरवर आयएफची वारंवारता, १००० हर्ट्झचं ३० टक्के मॉड्युलेशन, ०.०१ मायक्रोफॅरडच्या, ६०० व्होल्टच्या कंडेन्सरमधून मिक्सरच्या ग्रिडवर. शेवटच्या ट्रान्सफॉर्मरपासून मागे या. सिग्नल इतका कमी ठेवा की एव्हीसी जेमतेम अर्धा-एक व्होल्ट हलेल, आणि जसजसं जुळत जाईल तसतसा जनरेटर आणखी कमी करा. जोरदार सिग्नलवर एव्हीसी शिखर सपाट करून टाकतो, मग स्क्रू कुठेही ठेवला तरी बरोबरच वाटतो. दुहेरी रूपांतराच्या (दोन आयएफ असलेल्या) संचात खालचा आयएफ आधी, वरचा नंतर. मेकॅनिकल फिल्टर असेल तर जनरेटर फिल्टरच्याच मध्यावर आणा, उलट नाही.

शेवटी जनरेटर एरियलच्या सॉकेटला. ट्रान्समीटरचा शेवटचा व्हॉल्व्ह अजून बाहेरच आहे ना, ते पुन्हा पाहा. १९५८ साली एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ठरवलेले हे २३ चॅनेल २६.९६५ ते २७.२५५ मेगाहर्ट्झमध्ये पसरलेले आहेत. ४० चॅनेल १९७७ मध्ये आले, तुमच्या संचाचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून आरएफ आणि मिक्सरच्या कॉइल मधल्या चॅनेल १२ किंवा १३ वर शिखरावर आणा, मग १ आणि २३ वर जाऊन दोन्हीकडे साधारण सारखं येतं का बघा. जनरेटर नसेल तर दुसऱ्या खोलीत डमी लोडवर (एरियलऐवजी शक्ती पचवणाऱ्या रेझिस्टरवर) चालणारा दुसरा सीबी संच हा बऱ्यापैकी स्थिर, क्षीण सिग्नल देतो. धडधाकट व्हॉल्व्ह सीबीवर १ मायक्रोव्होल्टचा मॉड्युलेट केलेला सिग्नल सळसळीच्या वर स्पष्ट ऐकू यायला हवा. तेवढा आला की कोअरवर मेणाचा एक थेंब टाका, ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह परत बसवा, आणि एरियल लावण्याआधी डमी लोडवर एकदा बटण दाबून रिले दोन्ही बाजूंना स्वच्छ पलटतो का ते पाहून घ्या.